लेट, हरकत आणि आड

चेन्नईच्या मैलापूर किंवा ट्रिप्लिकेन भागातील जुन्या गल्ल्यांतून घरांच्या दारांवर आणि जिन्यांच्या कठड्यांवर 'टू-लेट' अशी पाटी ठायी ठायी टांगलेली आढळते. तमिळ न येणाऱ्या परक्याला ती कळते आणि इंग्रजी न येणाऱ्या घरमालकालाही तिचे वावडे नाही. ते दोन शब्द जोडून एक करण्याची येथली रीत, आणि मध्ये एक अक्षर घुसडून घराचे शौचालय करून टाकणाऱ्या शाळकरी पोरांचा उद्योग, या दोन्ही गोष्टी आता शहराच्या परंपरेत जमा झाल्या आहेत. घर भाड्याने देणे आहे, एवढाच त्या पाटीचा अर्थ. परंतु भाड्याचे करारपत्र जुन्या वळणाच्या कायदेशीर इंग्रजीत लिहिले गेले, तर हाच 'लेट' तेथे पुन्हा भेटतो. भाडेकरू भाडे देत राहील तोवर मालकाकडून कोणताही 'लेट' अथवा 'हिंडरन्स' न होता तो घराचा उपभोग घेईल, अशा अर्थाचे एक कलम त्यात असते. दारावरचा 'लेट' म्हणजे देणे, मोकळे करणे. कागदातला 'लेट' म्हणजे अडवणे. एकाच व्यवहारात, एकाच घराच्या संबंधात, एकच शब्द दार उघडतो आणि लावूनही घेतो.

हा केवळ योगायोग नव्हे. प्राचीन इंग्रजीत ही दोन वेगळी क्रियापदे होती. पहिले 'लॅटन', म्हणजे सोडणे, राहू देणे. दुसरे, दुहेरी टकाराचे 'लेट्टन', म्हणजे अडवणे. अधिक नेमके सांगायचे तर उशीर करवणे. दुसरे ज्या विशेषणापासून घडले त्याचा अर्थ 'मंद, सावकाश' असा होता, आणि त्याच विशेषणापासून आजचा, उशीर दाखवणारा 'लेट' आला. 'गाडी लेट आहे' असे चेन्नई सेंट्रल स्थानकावर मुंबईकडील गाडीची वाट पाहणारा मराठी माणूस म्हणतो, तेव्हा अडवणुकीच्या या जुन्या शब्दाचा सख्खा भाऊबंद त्याच्या तोंडी असतो. त्याला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. आणखी मागे गेले तर सोडण्याचा 'लेट' आणि अडवण्याचा 'लेट' हे दोघेही एकाच मुळाचे निघतात. त्या मुळाचा अर्थ सैल सोडणे, शिथिल होणे असा असून 'थकलेला' या अर्थाचा लॅटिनमधील 'लासुस' त्याच कुळातला आहे. सैल सोडलेले मोकळे होते. पण जे सैल पडले ते मंदावते, मंदावलेले मागे राहते, आणि कोणाला मागे पाडणे म्हणजेच त्याला अडवणे. एका शैथिल्यातून मुक्तीही निघाली आणि अडवणूकही.

अडवणुकीचे इतर इंग्रजी शब्द यापुढे सरळमार्गी वाटतात. 'ऑब्स्ट्रक्ट'मध्ये कोणी वाटेवर काही रचून ठेवतो, 'इम्पीड'मध्ये पायात काही अडकवतो. संस्कृत 'विघ्न' तर सरळ प्रहारच आहे, कारण त्यात 'हन्' धातू आहे. या सर्वांत अडवणारा आणि अडलेला हे स्पष्ट वेगळे दिसतात. 'लेट'मध्ये तसे दिसत नाहीत.

मध्ययुगात उच्चार झिजून दोन्ही क्रियापदे एकरूप झाली आणि तरीही काही शतके इंग्रजी भाषिकांनी हा गोंधळ निभावला. शेक्सपिअरचा हॅम्लेट पित्याच्या भुतामागे निघताना सोबत्यांना जी धमकी देतो, तीत हा शब्द अडवणे याच अर्थी आहे. १६११च्या बायबलमध्येही तो आहे. पुढे मात्र वाचक उलटा अर्थ घेऊ लागले आणि १८८१च्या सुधारित नव्या करारात रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील 'लेट'च्या जागी 'हिंडर' आला. व्यवहारातून अडवणारा 'लेट' गेला आणि सोडणारा उरला. अडवणाऱ्याला आसरा मिळाला तो तीन जागी: वकिलांच्या दस्तऐवजांत, पारपत्राच्या आतील पानावर आणि टेनिसच्या मैदानावर. सर्व्हिसचा चेंडू जाळीला निसटता स्पर्श करून नेमक्या चौकटीत पडला, की पंच 'लेट' म्हणतो. दोष कोणाचाच नाही, खेळ पुन्हा. नुंगमबाक्कमच्या मैदानावर १९९७ ते २०१७ अशी एकवीस वर्षे चेन्नई ओपन स्पर्धा भरली आणि २०१८मध्ये ती पुण्याला गेली, तेव्हा हा शब्दही चेंडूबरोबर महाराष्ट्रात आला म्हणायचा. पारपत्रातला 'लेट' मात्र बहुधा कोणी वाचतच नाही. धारकास 'लेट' वा 'हिंडरन्स' यांवाचून जाऊ द्यावे, अशी राष्ट्रपतींच्या नावे केलेली ती विनंती आहे. तिच्या हिंदी पाठातील 'रोक-टोक' अधिक प्रामाणिक आहे, कारण त्यात अडवणाऱ्या हाताबरोबर हटकणारे तोंडही येते, आणि सीमेवरच्या प्रवाशाचा अनुभव तसाच असतो.

मराठीत 'लेट'ला तोलास तोल असा एक शब्द आहे, तो 'हरकत'. मूळ अरबीत 'हरकत' म्हणजे हालचाल, गती. अरबी व्याकरणात अक्षराला स्वर देणाऱ्या खुणेलाही हेच नाव आहे, कारण स्वराने व्यंजन हलते. हिंदीत हा शब्द कृती आणि मग खोडी या अर्थापर्यंत गेला. मराठीने मात्र त्याचा पूर्ण उलटा प्रवास करवला. येथे हरकत म्हणजे अडथळा, आक्षेप. हालचाल, मग दुसऱ्याच्या कामात केलेली हालचाल, मग ढवळाढवळ आणि शेवटी अडवणूक, असा हा क्रम झाला असावा. गंमत अशी, की मूळ अर्थही मराठीतून हद्दपार झाला नाही. तो गवयांनी राखला. गायक एखादी नाजूक हरकत घेतो तेव्हा सूर लवलवतो, आणि कारकून हरकत घेतो तेव्हा कागद जागचा हलत नाही. 'हरकत नाही' हे मराठी माणसाचे संमतिवाक्य धात्वर्थाने घेतले तर 'हालचाल नाही' असे होईल. अशा शब्दांना विसंगत म्हणून हिणवण्याची कोशकारांची प्रवृत्ती असते. वास्तविक ते भाषेची स्मृती शाबूत असल्याचे लक्षण मानावे.

मराठ्यांच्या जुन्या कागदांत अडवणाऱ्यासाठी 'मुजाहीम' असाही शब्द येतो, आणि त्याच्या अरबी मुळाशी गर्दी करणे, रेटणे ही कल्पना आहे. शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीत सुमारे १६७७मध्ये सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले. मुजाहीम कालांतराने विस्मृतीत गेला. हरकत टिकली, इतकी की 'ना हरकत प्रमाणपत्र' हा आजच्या महाराष्ट्रातील सरकारी कारभाराचा कणाच होऊन बसला आहे.

चेन्नईत याच कागदाला 'तडैयिल्लाच् चान्रु' म्हणतात. 'तडै' म्हणजे अडथळा, बंदी. 'तडु' म्हणजे अडवणे. जमावबंदीचा हुकूम 'तडै उत्तरवु' आणि न्यायालयाची अंतरिम स्थगिती 'इडैक्कालत् तडै'. या दुसऱ्या शब्दप्रयोगापाशी थोडे थांबण्यासारखे आहे. मराठी 'स्थगिती'मध्ये काम थांबल्याची नोंद आहे, अडवणारा दिसत नाही. तमिळ वाचक वृत्तपत्रात अक्षरशः 'मधल्या काळाची आडकाठी' वाचतो. घर सोडण्याचा हुकूम निघालेल्या भाडेकरूला वरच्या न्यायालयातून अशी आडकाठी मिळाली, तर तीच त्याच्या डोक्यावरचे छप्पर ठरते. मद्रासचा १९६०चा भाडे-नियंत्रण कायदा मालकांना आपल्याच घराच्या वाटेतला धोंडा वाटे आणि भाडेकरूंना भिंत वाटे. २०१७मध्ये संमत होऊन २०१९च्या फेब्रुवारीपासून लागू झालेल्या नव्या कायद्याने तो मोडीत काढला. त्याच्या जाण्याने वाट मोकळी झाली की आसरा गेला, याचे उत्तर करारपत्रावर सही कोणत्या बाजूला आहे यावर अवलंबून राहते. तमिळ भाषेला तरी अडवण्यातला हा कृपेचा अंश चांगला कळतो. लस टोचण्याला ती 'तडुप्पूसि' म्हणते, म्हणजे अडवणारी सुई. ओढ्यावरच्या बंधाऱ्याला 'तडुप्पणै'. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा दुष्काळी महाराष्ट्राने ऐकली, तीत 'अडवा' हा आदेश असाच जीवनदायी आहे.

त्या 'अडवा'चे कुळ मराठीत मोठे आहे: अडणे, अडकणे, अडचण, अडसर, अडथळा, आडकाठी. या सर्वांच्या घरी 'आड' हा कर्ता पुरुष. आड येणे म्हणजे वाटेत येणे. पण आडोसा म्हणजे वाऱ्या-पावसापासूनचा निवारा, आणि आडपडदा म्हणजे मनाने राखलेले स्वतःपुरते अंतर. कन्नड 'अड्ड' आणि तेलुगू 'अड्डमु' हे 'आडवा' याच अर्थाचे शब्द बरो आणि एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात (१९६१, सुधारित आवृत्ती १९८४) आढळतात. मराठीतले हे कुळ दक्षिणेशी नाते सांगते असे मानणारे अभ्यासक आहेत, आणि मराठी-तमिळ संबंधांचा आयुष्यभर पाठपुरावा करणाऱ्या विश्वनाथ खैरे यांच्या सर्वच जोड्या मान्य नसणाऱ्यांनाही येथे सहज नकार देता येऊ नये. मद्रास विद्यापीठाने १९२४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध केलेल्या तमिळ महाकोशात 'अडै' उघडला, तर बंद होणे, अडणे हे अर्थ सापडतात आणि पोहोचणे, मिळवणे, आश्रयास जाणे हेही सापडतात. शरण आलेल्याला मिळणारा आसरा तो 'अडैक्कलम्'. जेथे वाट अडते तेथेच माणूस पोहोचतो, असे या शब्दाचे म्हणणे दिसते.

चेन्नईच्या दक्षिणी मराठी घरांचा इतिहास या 'आड'च्या दोन्ही अर्थांनी घडला आहे. व्यंकोजी भोसल्यांनी १६७६च्या सुमारास तंजावर घेतले आणि १८५५मध्ये ते राज्य संपले. दरम्यान शहाजीने मराठीत नाटके लिहिली, दुसऱ्या सरफोजीने १८०३मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरवले, आणि त्या मुलखातील घराण्यांनी पुढे मद्रासला कारभारी, वकील आणि शिक्षक पुरवले. कुंभकोणमला जन्मलेले आणि उतारवयात मैलापूरला राहिलेले सर टी. माधवराव (१८२८–१८९१) हे त्यांतले ठळक नाव. या लोकांच्या आणि महाराष्ट्राच्या मध्ये तीन भाषांचा प्रदेश आडवा होता. त्या अंतरामुळे पुण्या-मुंबईचे छापील, शाळेत घडलेले गद्य त्यांच्या घरात फारसे शिरले नाही; वाचनाची भाषा तमिळ व इंग्रजी झाली, घरात बोलायची तेवढी मराठी उरली. तीत तमिळचे वळण आले, आणि महाराष्ट्रात मागे पडलेले काही शब्दही राहिले. पुण्याच्या कानाला ती अशुद्ध वाटते, हा न्याय उतावळा आहे. अंतर होते म्हणून ती तुटली हे खरे, आणि अंतर होते म्हणूनच ती अडीचशे-तीनशे वर्षे वितळली नाही हेही तितकेच खरे. आता ते अंतर प्रवासाच्या दृष्टीने एका रात्रीचे आहे; परंतु नव्या पिढीच्या मुलांना आजीच्या भाषेपेक्षा शाळेची इंग्रजी आणि गल्लीची तमिळ जवळची वाटते.

याच काळात सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातून सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी निघालेली माणसे दक्षिणेत, तमिळनाडूतही, पसरली आहेत. त्यांच्या खिशात गावच्या ग्रामपंचायतीचा 'ना हरकत' दाखला असतो आणि घर भाड्याने घेताना त्यांना 'तडै' शिकावी लागते. अशा गलाई कारागिराची आणि मैलापूरच्या दक्षिणी मराठी गृहस्थाची गाठ पडली, तर दोघे पहिली दोन-चार वाक्ये मराठीत बोलतील आणि मग, परस्परांची मराठी नीट उमगत नाही असे दिसल्यावर, सोयीसाठी तमिळकडे वळतील, यात नवल वाटण्याचे कारण नाही.