पेशींचं वय आणि तेंदूचा फड

माझे अब्बा तेंदूपत्त्याच्या फडावर मुन्शी होते. एप्रिल संपत आला की ठेकेदाराचा निरोप यायचा आणि ते चंद्रपूरहून धानोऱ्याकडच्या जंगलात जायचे. शाळेला सुट्टी असल्यामुळे दोन-तीन उन्हाळे मीही त्यांच्यासोबत होतो. माणसं पहाटे अंधारातच निघायची, पानं तोडून ऊन चढायच्या आत परत यायची. मग सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायची आणि संध्याकाळी फडावर आणायची. अब्बा मोजून वहीत लिहायचे. माझ्याच वयाची एक मुलगी आईसोबत यायची. तिच्या डोक्यावरचं गाठोडं मला उचलतासुद्धा येत नसे. ती हसायची.

गेल्या वर्षी एका लग्नाच्या निमित्तानं त्या बाजूला गेलो, तेव्हा आठवडी बाजारात ती भेटली. तिनंच मला ओळखलं. "मुन्शीचा पोरगा होय ना गा तू?" मी बघतच राहिलो. आम्ही दोघंही चौपन्नचे, पण ती सत्तरीची दिसत होती. अजून पानं तोडायला जातेस का, असं विचारलं तर म्हणाली, "जावाच लागते ना गा. नाही त खाऊ काय?"

त्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांनी मला तंबी दिली होती. अठ्ठावीस वर्षं खुर्चीत बसून नोकरी केलेली. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला. "रोज चाला. हालचाल केली की पेशीसुद्धा तरुण राहतात," असं ते म्हणाले. पेशींचं ऐकून कुतूहल वाटलं आणि मी वाचू लागलो.

आपल्या शरीरातल्या बऱ्याच पेशी दुभंगून नव्या पेशी तयार करतात. पण प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या साध्या पेशी ठरावीक वेळा दुभंगून थांबतात, हे लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवलं. त्याचं एक कारण पुढे उलगडलं. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर नावाची टोपणं असतात, बुटाच्या नाडीच्या टोकाला प्लास्टिकचं असतं तशी. पेशी दुभंगताना ती थोडी थोडी झिजतात आणि फारच आखूड झाली की पेशी दुभंगायची थांबते. ही टोपणं आणि त्यांची डागडुजी करणारं टेलोमरेज हे विकर, या शोधासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चं नोबेल मिळालं.

व्यायामाचा याच्याशी संबंध काय? लंडनच्या किंग्ज कॉलेजनं २००८ मध्ये २,४०१ जुळ्या भावंडांची पाहणी प्रसिद्ध केली. फावल्या वेळात सर्वांत जास्त हालचाल करणाऱ्यांची टोपणं, सर्वांत कमी करणाऱ्यांच्या तुलनेत, जणू दहा वर्षांनी तरुण होती. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, पण डॉक्टरांच्या म्हणण्याला आधार नक्की मिळतो.

इथं मी अडखळलो. हालचालीनंच पेशी तरुण राहत असतील, तर जन्मभर जंगल तुडवणारी ती बाई माझ्याहून तरुण असायला हवी होती. चेहऱ्यावरून पेशींचं वय कळत नाही आणि उन्हानंही कातडी रापते, हे मान्य. तरीही प्रश्न उरलाच. मग त्या पाहणीतल्या "फावल्या वेळात" या शब्दांकडे नीट लक्ष गेलं.

उत्तराचा एक धागा गडचिरोलीतच सापडला. तिथं काम करणाऱ्या डॉ. अभय बंग यांना १९९५ मध्ये, ऐन चव्वेचाळिशीत हृदयविकार झाला. त्यातून ते कसे सावरले, हे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात आहे. अमेरिकेतले डॉ. डीन ऑर्निश यांचा मार्ग त्यांनी धरला होता: साधा शाकाहार, चालणं, योग-ध्यान आणि माणसांचा आधार. याच ऑर्निश यांनी पुढे ब्लॅकबर्न यांच्यासोबत टोपणं मोजली. २०१३ च्या त्यांच्या अभ्यासात, पाच वर्षं असं जगलेल्या दहा पुरुषांची टोपणं सुमारे दहा टक्क्यांनी लांबली. तसं न जगलेल्या पंचवीस जणांची थोडी आखडली. माणसं थोडीच होती, पण त्यांच्या वाट्याला नुसतं चालणं नव्हतं. अन्न, विसावा, सोबत हे सगळं एकत्र होतं.

दुसरा धागा काळजीचा. २००४ मध्ये एलिसा एपेल आणि ब्लॅकबर्न यांनी ५८ आयांचा अभ्यास केला. त्यातल्या बऱ्याच जणी दीर्घ आजारी मुलांना सांभाळत होत्या. ज्यांना सर्वाधिक ताण जाणवत होता, त्यांच्या पेशी किमान दहा वर्षांनी म्हाताऱ्या दिसल्या.

हालचालीनं शरीर झिजतं आणि नंतर सावरताना बळकट होतं. सावरायला पोटभर अन्न लागतं, झोप लागते, मन थोडं निवांत लागतं. आपल्या या दोन जिल्ह्यांत मलेरिया आहे, सिकलसेल आहे, पानं तोडताना वाघाची भीती आहे. झीज रोजची असते, सावरायला सवड नसते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. फडावर पुडकी मोजताना शंभरामागे काही पुडकी 'तूट' म्हणून जास्तीची घेतली जायची. ठेकेदाराचा तसा हुकूम होता. अब्बा मुन्शीच, त्यांचाही रोज त्याच्याच हाती. रात्री वही मिटताना ते गप्प असायचे, हे मला आठवतं. पण माझी फी त्याच पगारातून भरली गेली. त्या बाईच्या पेशींनी जे सोसलं, त्यातलं थोडं माझ्या शिक्षणात आलं आहे. हा हिशेब मला टाळता येत नाही.

आता धानोऱ्याच्याच मेंढा-लेखानं २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आहे आणि जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकतात. पानाला नीट भाव मिळणं, हेसुद्धा पेशींचं औषधच आहे, असं मला वाटतं.

मी हल्ली फजरच्या नमाजनंतर रामाळा तलावाकडे चालायला जातो. साखर उतरली आहे. तासाभरानं घरी येतो तेव्हा नाश्ता तयार असतो, डोक्यावर पंखा असतो. मे महिन्यात त्याच सुमारास तीही जंगलातून परत येत असेल. तिची पुडकी मात्र अजून बांधायची असतात.