मालकीचे अरण्य

भिलाईला येणारा पाहुणा मैत्रीबागेत गेला की प्रथम पांढरा वाघ कोठे आहे ते विचारतो. नागपूर-अमरावतीकडून आमच्याकडे येणारे नातेवाईकही याला कधी अपवाद नव्हते. पोलाद कारखान्याने 1972 साली भारत-सोविएत मैत्रीचे प्रतीक म्हणून ही बाग उभारली. त्याच वर्षी आपल्या देशात वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. हा निव्वळ योगायोग. परंतु मला तो नेहमी अर्थपूर्ण वाटत आला आहे. रानातले जनावर कोणाच्या हौसेचे धन नाही, असे एकीकडे कायदा सांगत होता. आणि पुढे जो वाघ या बागेचे भूषण ठरला, तो तर राजेरजवाड्यांच्या हौसेतूनच घडलेला होता.

पांढऱ्या वाघाची कुळकथा फार जुनी नाही. 1951 साली रीवा संस्थानचे महाराज मार्तंडसिंह यांच्या शिकारीत एक पांढरा बच्चा जिवंत सापडला. त्याला मोहन हे नाव मिळाले आणि गोविंदगढचा राजवाडा हे घर. बेगम नावाच्या वाघिणीपासून त्याला झालेली पिले नेहमीच्याच रंगाची निघाली. तेव्हा त्याच पिलांपैकी राधा हिच्याशी, म्हणजे स्वतःच्या मुलीशी, मोहनचा संकर घडवण्यात आला आणि 1958 साली चार पांढरी पिले जन्मली. त्यांतली मोहिनी 1960 साली वॉशिंग्टनला पोहोचली. जंगलातला शेवटचा समजला जाणारा पांढरा वाघही 1958 सालीच गोळीला बळी पडला. रानातून तो रंग पुसला जात असताना पिंजऱ्यात मात्र त्याची लागवड सुरू झाली होती. पांढरा वाघ ही काही वेगळी जात नव्हे. एका दबून राहणाऱ्या जनुकाने दिलेला तो रंग आहे. हा रंग टिकवायचा तर नात्यातल्या नात्यात संकर करीत राहावे लागते, आणि त्याची किंमत तिरळ्या डोळ्यांनी व अशक्त पिलांनी मोजावी लागते. भिलाईत जन्मलेले पांढरे वाघ पुढे रीव्याजवळच्या मुकुंदपूरलाही गेले. मोहनच्या मुलखात त्याचा रंग परतला, पण कुंपणाच्या आत.

छत्तीसगढच्या संस्थानांचा शिकारखाना हे आपल्या इतिहासातले एक विलक्षण प्रकरण आहे. सरगुजाचे महाराज रामानुज शरण सिंहदेव यांनी प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांना आपण मारलेल्या वाघांचा आकडा स्वतःच कळवला होता : 1150. शेजारच्या कोरिया संस्थानचे महाराज रामानुज प्रताप सिंहदेव यांनी 1947 साली एका रात्री मोटारीच्या दिव्यांच्या झोतात तीन चित्ते मारले. तिन्ही नर होते. भारतातल्या चित्त्यांची ती बहुधा शेवटची खात्रीलायक नोंद. ती मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली, तेव्हा संपादकांनी आपली किळस लपवली नाही. 1952 साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

आमच्या सेक्टरमध्ये सरगुजाकडचे एक वृद्ध गृहस्थ मुलाकडे राहत असत. पोरवयात ते हाक्याला जात. डबे, ढोल, काठ्या घेऊन शेकडो माणसांनी जंगल चाळीत यायचे आणि वाघाला मचाणाच्या पुढ्यात आणून सोडायचे. वाघ उलटला तर तो आधी हाकेकऱ्याच्या अंगावर येणार, हे सर्वांनाच ठाऊक असे. मी त्यांना एकदा विचारले की त्यांनी किती वाघ मरताना पाहिले. ते म्हणाले, ‘‘वाघ राजाचा, जंगल राजाचे, बंदूकही राजाचीच. आम्ही आवाज करणारे. आवाज करणाऱ्याला काय दिसणार?’’ वाघांचा आकडा इतिहासात राहिला. हाकेकऱ्यांची मोजदाद कोणी ठेवली नाही.

तरीही या साऱ्याला केवळ क्रौर्य म्हणून मोकळे होता येत नाही. राजाचे राखीव रान होते म्हणूनच काही ठिकाणी रान उरले, हेही खरे आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या शिकारीसाठी राखलेले दाजीपूरचे जंगल 1958 साली गव्यांचे अभयारण्य झाले. आजचे राधानगरी अभयारण्य ते हेच. महाराष्ट्रातल्या अभयारण्यांच्या परंपरेचा आरंभ असा एका शिकारखान्यातून झाला. त्याच कोल्हापुरात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणवले गेले. चित्तेवान त्यांना डोळ्यांवर टोपी चढवून गाडीवरून माळावर नेत आणि कळप दिसताच टोपी काढून सोडत. हौस उरली होती, प्राणी संपला होता. म्हणून प्राणी परदेशातून आला.

हौसेने राखलेल्या रानाचा हाच प्रश्न आज दक्षिण आफ्रिकेत फार मोठ्या प्रमाणावर उभा आहे. तेथे 1991 साली झालेल्या कायद्याने, पुरेसे कुंपण घातलेल्या जमिनीवरील वन्य प्राण्यांवर जमीनमालकाचा हक्क मान्य केला. परिणामी गुरांची कित्येक कुरणे शिकारीची खासगी राने झाली. दूरदेशींचे धनिक तेथे पैसे मोजून शिकार करतात आणि त्या पैशावर रान चालते. ज्या प्राण्याला किंमत आहे तो जगतो, असा या व्यवहाराचा युक्तिवाद. तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शंभराहूनही कमी उरलेला दक्षिणेकडील पांढरा गेंडा आज हजारांत आहे, आणि त्यात खासगी जमीनमालकांचा वाटा मोठा आहे. उपाशी गावाला वाघाचे प्रेम शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे नम्रपणे ऐकले पाहिजे.

परंतु किंमत हीच जगण्याची अट झाली की प्राण्याला किमतीप्रमाणे बदलावे लागते. त्या रानांत सोनेरी रंगाचे वाइल्डबीस्ट आणि काळे इंपाला मुद्दाम पैदा केले गेले, कारण शिकाऱ्याला भिंतीवर वेगळे मुंडके हवे असते. सिंह पिंजऱ्यात वाढवून शिकाऱ्यापुढे कुंपणात सोडण्याचा धंदा तर इतका बोकाळला की 2021 साली सरकारी समितीनेच तो थांबवण्याची शिफारस केली. हे वाचताना मला पांढऱ्या वाघाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. रीव्यात बंदूक नव्हती, भिलाईतही नाही. येथे माया आहे, औषधपाणी आहे. तरीही निवड करणारा डोळा तोच. आपल्याला जे आवडते ते राखायचे, आणि राखता राखता त्याला आपल्या आवडीसारखे करून टाकायचे.

काळाने एक वेगळाच न्याय केला. 17 सप्टेंबर 2022 रोजी नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोत उतरले आणि 18 फेब्रुवारी 2023 रोजी दक्षिण आफ्रिकेतून बारा. त्यांतले काही खासगी, कुंपणबंद रानांतून आले होते. एका मालकाच्या गोळीने तुटलेला धागा दुसऱ्या मालकाच्या कुंपणातून येऊन पुन्हा जोडला जात आहे. काही चित्ते दगावले, पिलेही जन्मली. हा प्रयोग यशस्वी होवो. पण चित्त्याला गवताळ माळ हवा, आणि माळ हा आपल्याकडे पडीक जमीन म्हणूनच ओळखला जातो. प्राणी विमानाने आणता येतो, माळ आणता येत नाही.

आम्हा भिलाईकरांना हे अधिक समजायला हवे. आमच्या भट्ट्यांतले लोखंड दल्ली-राजहराच्या डोंगरांतून आले. त्या डोंगरांवरही रान होतेच. ज्या पोलादावर आमची घरे उभी राहिली, मुले शिकली, त्याचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. म्हणूनच कोणते रान उरले आहे याची विचारपूस करणे हे आमचे कर्तव्य ठरते.

छत्तीसगढचा राज्यप्राणी वाघ नव्हे, रानम्हैस आहे. एकेकाळी मध्य भारतातल्या शिकाऱ्यांना तिच्या अफाट शिंगांचे वेड होते. गरियाबंद जिल्ह्यातील उदंतीच्या जंगलात तिची संख्या पुढे बोटांवर मोजण्याइतकी उरली. आशा नावाच्या मादीच्या पेशीपासून कर्नालच्या संस्थेत 2014 साली दीपाशा ही प्रतिकृती जन्मवली गेली. ती वाढली, पण दिसू लागली साध्या मुऱ्हा म्हशीसारखी. नंतर आसामच्या मानसमधून रानम्हशी बारनवापाऱ्यात आणल्या गेल्या.

रानम्हैस पांढरी होत नाही. तिच्यापुढे उभे राहून कोणी छायाचित्र काढून घेत नाही, आणि कायद्याने आता तिचे मुंडकेही कोणाच्या दिवाणखान्यात जाऊ शकत नाही. 1991 च्या दुरुस्तीने शिकारीचे उरलेसुरले परवाने संपले. बाजारात तिला किंमत नाही, बागेत तिला मान नाही. तिला हवी आहे फक्त पाणथळ जागा, उंच गवत, गावठी गुरांच्या रोगांपासून अंतर आणि त्या रानात राहणाऱ्या माणसाचा होकार. आपल्याला तिच्याकडून काहीही मिळणार नसताना ती उदंतीत जगली, तरच आपण अरण्य राखले असे म्हणता येईल. नाहीतर आपण फक्त आपली आवड राखली.