सदर बाजारातील गिटार

रायपूरचा सदर बाजार म्हणजे सोन्याचांदीच्या पेढ्यांचा जुना रस्ता. दुपारनंतर येथे पाय ठेवायला जागा मिळत नाही. परंतु सकाळी दुकानांच्या झडपा वर जाण्यापूर्वीचा एक तास फार शांत असतो. अशा वेळी एका जुन्या घराच्या माडीवरून गिटारचे स्वर ऐकू येतात. ते फारसे सुरेल असतात असे नाही. एकच तुकडा पुनःपुन्हा वाजतो, मध्येच अडतो आणि पहिल्यापासून सुरू होतो. वाजवणारा कोणी महाविद्यालयीन तरुण असावा, असा ऐकणाऱ्याचा समज होतो. प्रत्यक्षात ते पन्नाशी ओलांडलेले एक मराठी सोनार आहेत. भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात जी मराठी घरे स्थिरावली, त्यांपैकीच त्यांचे एक. बाजारात हिंदी आणि छत्तीसगढी, घरात मराठी, असा त्यांचा रोजचा व्यवहार.

गिटार त्यांची नव्हे, मुलीची. ती शिकत होती तेव्हा याच माडीवर त्यांनी तिला कितीदा तरी दटावले होते. "ही टणटण पुरे झाली," हे त्यांचे ठरलेले वाक्य. गिटार म्हणजे सिनेमातील नाचगाण्याचे वाद्य, आपल्या संगीताशी त्याचा संबंध काय, असे त्यांना वाटे. मुलगी वाद घालत नसे. वाद्य पिशवीत घालून ठेवी. पुढे नोकरीसाठी ती नागपूरला गेली आणि गिटार मात्र खुंटीवरच राहिली. घर शांत झाले. ही शांतता आपणच मागून घेतली होती, हे त्यांच्या ध्यानात आले तेव्हा पावसाळा सुरू झाला होता.

एके दिवशी पिशवी उघडली, तर तारांवर गंज चढलेला आणि मान किंचित वाकलेली. रायपूरच्या मे महिन्यातील कोरड्या झळांनी लाकूड आकसते, पावसाळ्यातील दमट हवेने फुगते. त्यातच सहा पोलादी तारांचा मिळून ताण साधारण 70 किलोच्या आसपास असतो. एवढे ओझे वाहणारे वाद्य वर्षभर विचारपूस न करता टांगून ठेवले, तर ते रुसणारच. धातू आणि उष्णता यांचे नाते जाणणाऱ्या सोनाराला हे समजावून सांगावे लागले नाही. त्यांनी नव्या तारा आणल्या, वाद्य दुरुस्त करवून घेतले आणि मग काहीशा संकोचाने मुलीला फोन केला. "बाळ, तुझी गिटार जरा हाताळू का?" पलीकडे क्षणभर कोणीच बोलले नाही. मग ती म्हणाली, "बाबा, आधी सुरात लावायला शिका. वाजवायचं नंतर बघू."

हा तिचा पहिला धडा, आणि बहुतेक शिकणारे नेमका हाच टाळतात. बेसूर वाद्यावर केलेला सराव कानालाच चुकीची सवय लावतो. सर्वांत जाड तार पाचव्या पडद्यावर दाबली की जो स्वर निघतो, तोच पुढच्या मोकळ्या तारेचा स्वर. याच पद्धतीने एकेक तार लावत जायचे. फक्त दुसरी तार लावताना तिसरी तार पाचव्याऐवजी चौथ्या पडद्यावर दाबायची. तार लावून देणारी यंत्रे आज सहज मिळतात. तरीही कानाने लावण्याचा हा व्यायाम सोडू नये. दोन स्वर जवळजवळ जुळले की हवेत एक मंद लहर उठते. ती लहर थांबली की तार लागली. रतीभर सोन्याचा फरक ओळखणाऱ्या त्या गृहस्थांना ही लहर ऐकू यायला मात्र आठ दिवस लागले.

पुढचा त्रास बोटांचा. तार घट्ट दाबूनही स्वर खरखरत होता. मुलीने सांगितले की बोट दोन पडद्यांच्या मधोमध न ठेवता पुढच्या पडद्याला अगदी लागून, पण त्याच्यावर न चढवता ठेवावे. तेथे थोडा जोरही पुरतो. या एका सूचनेने निम्मे दुखणे गेले. उरलेले जायला बोटांच्या टोकांना घट्टे पडावे लागतात, आणि त्याला काही आठवडे द्यावेच लागतात. ई मायनर ही कॉर्ड दोन बोटांनी साधते. तिने आरंभ केला की नवख्याला धीर येतो. एफ ही कॉर्ड मात्र भल्याभल्यांना रडवते. तर्जनी पहिल्या पडद्यावर सहाही तारांवर आडवी दाबायची आणि उरलेली बोटे आपापल्या जागी बसवायची! किती जणांनी याच पायरीवर गिटार कायमची ठेवून दिली असेल, कोण जाणे. तेही एका संध्याकाळी चिडून म्हणाले, "ही बोटं हातोडीची आहेत, तारेची नव्हेत."

तेव्हा मुलीने त्यांना जँगो राइनहार्टची हकिकत सांगितली. 1928 साली लागलेल्या आगीत या वादकाच्या डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांवर नवी पद्धत बसवून तो युरोपातील श्रेष्ठ जॅझ वादकांत गणला गेला. सोबत तिने 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिकाही ऐकायला पाठवली. 1967 सालच्या या मुद्रिकेत शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरा यांची गिटार आहे. काबरा हे अली अकबर खाँ यांचे शिष्य. गिटार आडवी ठेवून, तारेवरून धातूचा तुकडा सरकवत ते रागातील मींड काढीत. ती गिटार ऐकून झाल्यावर सोनार बराच वेळ गप्प बसले होते, असे घरातील माणसे सांगतात. "आपल्या संगीताशी संबंध काय?" हा प्रश्न त्यांनी त्यानंतर विचारला नाही.

सराव कसा करावा, हे मात्र त्यांना त्यांच्या भट्टीने शिकवले. सोन्याची तार एका दमात बारीक होत नाही. भोके पाडलेल्या पोलादी पट्टीतून ती ओढायची, मग त्याहून लहान भोकातून, मग आणखी लहान. ओढता ओढता धातू ताठर होतो. त्याला मध्येच तापवून मऊ केले नाही, तर तार तुटते. त्यांनी गिटारलाही हाच नियम लावला. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोज 20 मिनिटे. पूर्ण गाणे न घेता अडणाऱ्या दोनच कॉर्ड, आणि त्याही इतक्या संथ की चूक होऊच नये. तालयंत्राचे ठोके मिनिटाला 60. ते निर्दोष जमले तर 64, चुकले तर पुन्हा 56. बोटे ताठरली की वाद्य खाली. वेगाची घाई करणाऱ्या तरुणांपेक्षा हा मार्ग लांबचा वाटतो खरा. पण घाईत केलेली चूकही सरावाने पक्की होते आणि ती उपटून काढण्याला दुप्पट काळ लागतो, हे त्या तरुणांना उशिरा कळते. आठवड्यातून एकदा ते आपले वाजवणे फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐकत. वाजवताना न जाणवलेल्या चुका ऐकताना लख्ख दिसत. हे ऐकणे सुखाचे नव्हते.

धनत्रयोदशीच्या आधी सदर बाजारात श्वास घ्यायला फुरसत नसते. त्या गर्दीतही सकाळची 20 मिनिटे चुकली नाहीत. दिवाळीला मुलगी आली. फराळ झाल्यावर त्यांनी काही न बोलता गिटार मांडीवर घेतली. सी, मग ए मायनर, मग एफ. एफ पूर्ण वाजली नाही. एक तार मुकीच राहिली. त्यांनी मुलीकडे पाहिले.

"बाबा, दुसरी तार उतरली आहे," ती म्हणाली.

त्यांनी मान खाली घातली, तिसरी तार चौथ्या पडद्यावर दाबली, दुसरी मोकळी छेडली आणि खुंटी हळूहळू पिळू लागले. मुलीने मदतीला हात पुढे केला नाही. ती लहर थांबेपर्यंत दोघेही ऐकत राहिले.