छत्तीस तासांची माफी

२७ जून २०२४, गुरुवार, डोंबिवली पूर्व

पाऊस. मानपाडा रोडकडे दुपारी दोनदा वीज गेली, नाक्यावरच्या राउटरची बॅटरीही बसली. त्यामुळे कोणाचे कनेक्शन कधी बंद झाले, हा निरोप ग्राहकांच्या वापराची नोंद ठेवणाऱ्या रेडियस सर्व्हरला आलाच नाही. अशा वेळी मधूनमधून येणाऱ्या आकड्यांपैकी शेवटचा धरायचा, पुढचे सोडून द्यायचे. ‘सोडून द्यायचे’ हे दादांना, म्हणजे मालकांना, रुचत नाही. चुकायचेच तर ग्राहकाच्या बाजूने चुकावे, असे माझे मत.

नवा पोरगा धावत आला. “खडकपाड्याचे काका महिन्यात एवढे अपलोड करतात?” आकडे बरोबर, वाचन उलटे. इनपुट म्हणजे राउटरला आलेले, अर्थात काकांनी पाठवलेले. डाउनलोड आउटपुटच्या रकान्यात असते. शिवाय दोन्ही रकाने ३२ बिटांचे. जुन्या वीजमीटरवर ९९९९ नंतर ०००० यायचे, तसे हे ४ जीबी ओलांडले की शून्यावर येतात. किती वेळा आले, ते ‘गिगावर्ड्स’ नावाच्या वेगळ्या रकान्यात. तो न वाचणारे बिलिंग सॉफ्टवेअर दोन-चार सिनेमे बघणाऱ्याला फुकट्या ठरवते.

रात्री वर्ल्ड कपमध्ये भारताचा इंग्लंडविरुद्ध उपांत्य सामना. गयानात पाऊस, इथेही पाऊस.

२९ जून, शनिवार

आमच्या इंटरनेट वापराचा ग्राफ उघडा ठेवून फायनल पाहिली. क्लासेनने अक्षरच्या एका षटकात २४ धावा कुटल्या आणि आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हव्या होत्या, तेव्हा रेघ जराशी खाली आली. हिरमुसलेली मंडळी अंथरुणात गेली असावीत. सूर्याने सीमारेषेवर झेल घेतला आणि रेघ उसळली; एवढी उंच मी या वर्षात पाहिली नव्हती. फडके रोडला फटाके.

दादांचा फोन. “जिंकलो रे! पण वरच्याचं बिल किती येणार?”

१ जुलै, सोमवार

दादांना कागदावर मांडून दाखवले. ज्यांच्याकडून आपण बँडविड्थ घेतो, ते दर पाच मिनिटांनी वेग टिपतात. ३० दिवसांच्या जूनमध्ये ८,६४० नोंदी. त्या उतरत्या क्रमाने लावायच्या, वरच्या ५ टक्के म्हणजे ४३२ खोडायच्या आणि उरलेल्यांतल्या सर्वांत मोठ्या आकड्यावर बिल. ४३२ नोंदी म्हणजे ३६ तास. भारताचे सामने झाले आठ. कॅनडाचा पावसात गेला. प्रत्येकी चार तास धरले तरी ३२. अख्खा वर्ल्ड कप माफीत बसला!

“मग पैसे कशाचे?” रोज रात्री साडेनऊ ते साडेअकराचे. ते महिन्याचे ६० तास होतात, माफीत मावत नाहीत. जेवणे उरकून घरोघर रील आणि यूट्यूब, त्याचे. दादा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. १९९५ साली विदेश संचार निगमने इंटरनेट आणले, तेव्हा वर्षाचे ठरावीक तास विकत मिळायचे. “ते बरं होतं,” म्हणाले. धंद्यासाठी असेलही, मी तेव्हा ग्राहक होतो.

लोक तेच तेच व्हिडिओ बघतात, तर त्यांचा साठा आपल्याच खोलीत ठेवणारा कॅश सर्व्हर मिळतो का, हे विचारायचे ठरले. आपल्याएवढ्या छोट्यांना तो सहसा देत नाहीत, म्हणून कल्याणच्या दोघा केबलवाल्यांना सोबत घ्यावे लागेल. त्यातल्या एकाशी दादांचे खांबावरून भांडण चालू आहे. फोन मीच करणार.