पेशी आणि खोली

भाषेच्या अध्यापनात वीसेक वर्षे गेल्यामुळे आम्ही विज्ञानाकडेही शब्दांच्याच वाटेने जातो. १६६५ साली रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यातील कप्प्यांना ‘सेल’, म्हणजे लहानशी खोली, असे नाव दिले. त्याला दिसल्या त्या मृत पेशींच्या उरलेल्या भिंती; आतला जीव केव्हाच गेला होता. आपल्या ‘पेशी’ला संस्कृतात मांसाचा गोळा, गर्भाची आरंभीची अवस्था असे अर्थ आहेत. एक नाव रिकामपणातून आले, दुसरे मांसातून.

प्राण्यांच्या पेशीला तर भिंतही नसते. असते केवळ पटल, मिलिमीटरच्या लक्षांशाहूनही पातळ. त्यातील प्रथिने सोडियम बाहेर टाकतात, पोटॅशियम आत घेतात. पेशीचे वेगळेपण टिकते ते या निवडक देवघेवीमुळे; ती कायमची थांबली की पेशी मरते.

मराठी परिभाषा कृत्रिम म्हणून वर्गात हसू उमटते, तेव्हा आम्हांला हे पटल आठवते. ‘सेल’ने खुशाल आत यावे, मात्र त्यासाठी ‘पेशी’ला बाहेर काढण्याचे कारण आम्हांला दिसत नाही.