पावडरचा डबा

मंचरच्या बाजारातून मी एकदा पावडरचा डबा आणला होता. नाताळच्या नाटिकेत मरियेची भूमिका जुन्नरच्या डोंगरवाडीतील एका ठाकर मुलीला दिली होती. “मरिया इतकी काळी कशी?” अशी कुजबुज सुरू झाली. नाझरेथची ती कन्या गालिलाच्या उन्हात वाढलेली, कोणी गोरी मडम नव्हे, हे सेमिनरीत शिकलेला मी गप्प राहिलो. तिच्या चेहऱ्याला पावडर मात्र फासली.

परवा पुतण्या ‘स्टार वॉर्स’विषयी सांगत होता. २०१५ च्या चित्रपटात जॉन बोयेगा हा कृष्णवर्णीय नट नायकांपैकी एक, म्हणून काहींनी बहिष्काराची हाक दिली. २०१७ च्या भागातील केली मरी ट्रॅन व्हिएतनामी वंशाची. तिच्यावर तर शिव्यांचा असा भडिमार झाला, की २०१८ मध्ये तिने इन्स्टाग्रामवरील आपला सारा मजकूर पुसून टाकला. आणि हे सगळे कुठे, तर कल्पनेतल्या आकाशगंगेत! तिथे परग्रहावरचा केसाळ प्राणी चालतो, काळा माणूस चालत नाही. मी हसलो.

हसता हसता तो डबा आठवला. आरशात पाहून त्या मुलीने विचारले होते, “फादर, आता मी बरी दिसते ना?”

मी ‘हो’ म्हणालो होतो.