आधी एक्सफॉइल

तिसऱ्या वर्षी एअरक्राफ्ट डिझाइन विषय लागला आणि आम्ही सगळे कॅटियावर तुटून पडलो. बोईंग ७७७ ज्यावर आखलं ते सॉफ्टवेअर आपल्या लॅबमध्ये, हे अप्रूप होतंच. मॉडेल विमानाच्या टीममधला सीनियर दादा म्हणाला, "कॅटिया कुठे पळून जात नाही. पण काढणार काय त्यात? पंखाचा छेद ठरलाय का? आधी एक्सफॉइल उघड."

एमआयटीच्या मार्क ड्रेला यांनी १९८६ मध्ये लिहिलेलं हे फुकट सॉफ्टवेअर. उघडलं की काळी खिडकी. बटणं नाहीत, मेनू नाही, प्रत्येक हुकूम टाइप करायचा. मी 'नाका २४१२' लिहिलं. सेसना १७२च्या पंखाचा हा छेद. बाक कॉर्डच्या, म्हणजे पंखाच्या पुढून मागच्या रुंदीच्या, २ टक्के, तो पुढच्या कडेपासून ४० टक्क्यांवर, जाडी १२ टक्के. नावातच सगळा हिशेब.

पुढे एक्सफॉइलने रेनॉल्ड्स नंबर (वेग, कॉर्ड आणि हवेची स्निग्धता यांवरून निघणारा आकडा) विचारला आणि गाडी अडली. अॅबट आणि फॉन डोएनहॉफ यांच्या जाडजूड पुस्तकात २४१२चे आलेख आहेत, पण ते सुमारे ३० लाखांपासून पुढचे. आमच्या मॉडेलची कॉर्ड २५ सेंटिमीटर, वेग सेकंदाला १४ मीटर. वहीत गुणाकार-भागाकार केला तर जेमतेम २ लाख ३० हजार. म्हणजे सेसनाचे आकडे आमच्या कामाचे नाहीत. इतक्या कमी आकड्याला हवेचा थर पंखावर बराच वेळ शांत वाहतो, मग सुटतो, खवळतो आणि पुन्हा येऊन चिकटतो. मधे जो बुडबुडा तयार होतो, तो ड्रॅग वाढवतो. दाबाच्या आलेखात तो छोट्या सपाट पायरीसारखा दिसतो. (हा आलेख उलटा काढतात, ऋण दाब वर. सवय व्हायला वेळ लागतो.) पंखाचा हवेशी असलेला कोन वाढवला की ती पायरी पुढच्या कडेकडे सरकायची. मी अर्ध्या-अर्ध्या अंशाने कोन वाढवत तिच्या मागे लागलो आणि मेसचं जेवण चुकवलं.

स्टॉलच्या, म्हणजे लिफ्ट घसरू लागते त्या कोनाच्या, पुढे गेलं की एक्सफॉइल बहुधा 'कन्व्हर्जन्स फेल्ड' लिहून हात वर करतं. बरेच जण इथे वैतागतात. मला ते आवडलं. हवेच्या प्रवाहाची रंगीत चित्रं काढणारं सीएफडी चुकीच्या जाळीवरही देखणं चित्र काढून देतं; हे निदान जमलं नाही तर तसं सांगतं. कमाल लिफ्ट मात्र एक्सफॉइल जरा वाढवूनच सांगतं, म्हणून टीमने तो आकडा कापून घेतला, टेकऑफचा वेग त्यावरून काढला आणि मगच कॅटियात पंख काढायला बसलो.